जीर्णोद्धार समित्यांना खुले पत्र : पारावरचा तो दगड हलवण्याआधी

प्रति,
सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि मंदिर जीर्णोद्धार समित्यांचे सर्व विश्वस्त,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की गावोगाव देवळांची कामे निघतात. वर्गणी ठरते, पावतीपुस्तके छापली जातात, गवंडी आणि रंगारी बोलावले जातात. जत्रेच्या आत कळस चढायला हवा म्हणून घाई होते आणि त्या घाईत अंगणातले, पिंपळाच्या पारावरचे, वेशीजवळचे जुने कोरीव दगड सगळ्यांत आधी बाजूला सारले जातात. कधी ते पायरीला लागतात, कधी ओट्याच्या भरावात जातात, कधी ऑइल पेंटने लाल-पिवळे होतात. हे पत्र त्या दगडांसाठी, म्हणजे मुख्यतः वीरगळांसाठी आहे.

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाचा स्मृतिदगड. शब्द कन्नडमधून आला, कल्लू म्हणजे दगड. महाराष्ट्रातले बरेचसे वीरगळ शिलाहार-यादव या राजघराण्यांच्या काळातले किंवा त्याच्या थोडे आगेमागे घडवलेले आहेत. वाचायचा तो खालून वर. सर्वांत खालच्या चौकटीत मरणाचे कारण असते. गाई दिसल्या तर गोधन पळवणाऱ्यांशी लढाई झाली, वाघ किंवा रानडुक्कर दिसले तर शिकारीत किंवा राखणीत मरण आले, जहाज दिसले तर समुद्रावर. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरला वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत, आणि ती लढाई यादव आणि शिलाहार यांच्यातली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. गोव्यात कदंबांच्या काळातले जहाजांचे वीरगळ संग्रहालयांत पाहता येतात. खालच्या चौकटीच्या वर लढाई, तिच्यावर दोन बाजूंनी अप्सरा वीराला उचलून नेताना, आणि त्याच्याही वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. समोर बहुधा पुजारी असतो. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ही आठवण यावच्चंद्रदिवाकरौ टिकावी. चौकटी कुठे तीन, कुठे चार, कुठे जास्त. क्रमही थोडाफार बदलतो, पण खालून वर चढत जाण्याचा हिशेब बदलत नाही.

आता मुद्द्याचे. यातल्या बहुतेक दगडांवर एक अक्षरही नाही. नाव नाही, गाव नाही, शक नाही. ज्यांनी दगड उभा केला त्यांना नावाची गरज वाटली नसावी, कारण वीर कोण ते तेव्हा गावाला ठाऊक होते. कोरून ठेवावे असे त्यांना वाटले ते एवढेच, की हा कशासाठी मेला आणि मेल्यावर कुठे पोचला. पुढे नाव विसरले गेले आणि उरला नुसता ‘वीर’. कित्येक घरांच्या देवघरात वीराचा टाक आजही असतो आणि त्याचे नाव विचारले तर ‘आमचा वीर’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून अशा दगडाच्या बाबतीत दोनच गोष्टी नावाच्या ठिकाणी आहेत. एक, त्यावरचे कोरीव काम. दुसरी, तो जिथे उभा आहे ती जागा. यांतली एक गेली की त्या माणसाची अर्धी ओळख गेली, आणि दोन्ही गेल्या की उरतो तो फक्त दगड.

सर्वांत जास्त नुकसान होते ते खालच्या चौकटीचे, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. अंगणात दर काही वर्षांनी मुरूम पडतो, मग फरशी, मग काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक. प्रत्येक थर चार-सहा इंच जमीन वर आणतो. दगड जागच्या जागी असतो, पण गाई, वाघ, जहाज असलेली चौकट जमिनीखाली जाते. वर दिसतात अप्सरा आणि शिवलिंग, आणि ती तर बहुतेक वीरगळांवर सारखीच असतात. म्हणून फरशीचा ठेका देताना आधीच लिहून द्या की प्रत्येक कोरीव दगडाभोवती किमान दीड फूट जागा मोकळी सोडायची, तिथे काँक्रीट ओतायचे नाही, आणि खालची चौकट जमिनीपासून निदान सहा इंच वर दिसली पाहिजे. जमीन आधीच चढलेली असेल तर दगड उपटू नका, भोवतीची माती उतरवा. माती काढताना कुदळ नको. खुरपेही दगडापासून चार बोटे लांबच थांबवा आणि शेवटचा थर बांबूच्या चपट्या कामटीने सोडवा. पाणी साचू नये म्हणून बाहेरच्या बाजूला उतार द्या.

ऑइल पेंटबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण तो प्रेमापोटी लावला जातो. आपला काळा पाषाण घट्ट दिसत असला तरी त्यात बारीक छिद्रे असतात. दगडाचा पाय जमिनीत असल्याने ओल वर चढते आणि तिच्यासोबत मातीतले, खतातले, जनावरांच्या मुतातले क्षारही चढतात. उघड्या दगडातून ओल बाहेर उडून जाते. ऑइल पेंटचा पापुद्रा तिला अडवतो. मग क्षारांचे खडे रंगाच्या आत, दगडाच्या कातडीखाली फुलतात आणि ती कातडी उचलतात. काही वर्षांनी रंग सुटतो तेव्हा सोबत नाक, बोटे, ढालीची कडा घेऊनच सुटतो. सुटला नाही तरी दर जत्रेला नवा हात बसतो, खाचा भरत जातात, आणि तलवार कुठली व धनुष्य कुठले ते कळेनासे होते. रंगारी शेवटी डोळे आणि मिशा अंदाजाने काढतो.

रंग आधीच लागला असेल तर तो उतरवायला जाऊ नका. ॲसिड, कॉस्टिक सोडा, तारेचा ब्रश, ग्राइंडर, वाळूचा फवारा, सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप यांनी रंगासोबत दगडही जातो, आणि तो परत आणता येत नाही. हे काम दगडाच्या जतनाचे शिक्षण घेतलेल्यांचे आहे. ते आधी कोपऱ्यात अंगठ्याएवढ्या जागेवर द्रावण लावून पाहतात आणि मग पुढे जातात. तुमच्या हातात आहे ते एवढेच, की पुढचा हात मारायचा नाही.

शेंदराची गोष्ट वेगळी. ज्या दगडाची पूजा चालू आहे, ज्याला लोक म्हसोबा, वेताळ किंवा भावकीचा देव म्हणतात, तिथे पूजा हीच त्या माणसाची जिवंत आठवण आहे. ती थांबवा असे आम्ही म्हणणार नाही. विनंती दोन. शेंदराच्या जागी लाल ऑइल पेंट वापरू नका. आणि जमत असेल तर दगडासमोर पायाशी एक छोटा गोटा बसवून तेल-शेंदूर त्याला लावण्याची रीत पाडा. गावच्या पुजाऱ्याने आणि जाणत्यांनी सांगितले तर लोक ऐकतात, बाहेरच्यांनी सांगून नाही. जुन्या शेंदराचे जाड कवच कोरडे खरवडू नका. पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड असतो आणि त्याची धूळ पोटात किंवा फुप्फुसात जाणे घातक आहे, विशेषतः जवळ खेळणाऱ्या मुलांना. नारळ वीरगळावर फोडू नका, त्यासाठी शेजारी वेगळा दगड ठेवा. दिवा आणि धूप दगडाला टेकवून नको, हातभर अंतरावर असू द्या. एकाच जागी वर्षानुवर्षे तापून थंड झालेला दगड तडकतो.

सिमेंट टाळा. त्यात स्वतःचेच क्षार असतात, ते ओलीबरोबर दगडात शिरतात. शिवाय सिमेंट धरून बसते. उद्या दगड सोडवायची वेळ आली तर छिन्नी मारावी लागते आणि दगडाची कड जाते. वीरगळ देवळाच्या भिंतीत ‘शोभेसाठी’ बसवणे हा त्यातलाच प्रकार. मागची आणि बाजूची अंगे कायमची झाकली जातात, आणि काही वीरगळ तर चारही बाजूंनी कोरलेले असतात.

एक समज इथे मोडायला हवा. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, तिचे विसर्जन करावे, या रिवाजाचा आधार घेऊन तुटके वीरगळ नदीत, विहिरीत, बारवेत टाकले जातात. तो रिवाज प्राणप्रतिष्ठा केलेल्या मूर्तीचा आहे. वीरगळ ही प्रतिष्ठापना केलेली मूर्ती नाही, ते स्मारक आहे. माथा गेलेला, दुभंगलेला, झिजलेला वीरगळही तितकाच बोलतो. तुटके तुकडे सापडले तर एकाच जागी ठेवा, कोणता तुकडा कुठे सापडला ते कागदावर लिहा. फेव्हिकॉल, एम-सील, अराल्डाइट लावून ते घरच्या घरी जोडू नका. चुकीचा सांधा सोडवताना आणखी तुकडे होतात.

दगड हलवावाच लागला तर, म्हणजे रस्ता रुंद होतोय, पाया खणला जातोय, ओढा काठ खातोय, तेव्हा आधी वजनाचा हिशेब करा. काळा पाषाण घनफुटाला साधारण ८० किलो भरतो. पाच फूट उंच, दोन फूट रुंद आणि नऊ इंच जाड दगड म्हणजे साडेसात घनफूट, ६०० किलोच्या घरात. त्यात जमिनीखालचा भाग धरलेला नाही. चार माणसे पहारी लावून तो उचलायला जातात तेव्हा पहारीच्या टोकाशी कोरीव कड फुटते. जेसीबीच्या दाताने उचलला तर मधोमध मोडतो, विशेषतः जिथे चौकटींच्या मधली आडवी पट्टी खोल कोरलेली आहे तिथे, कारण दगड तिथेच सर्वांत पातळ असतो. लोखंडी साखळी नको. रुंद नायलॉनचे पट्टे दोन ठिकाणी, आत पोत्याची किंवा जुन्या गोधडीची घडी, आणि उचलताना दगड आडवा, कोरीव बाजू वर. ट्रॉलीत वाळूचा किंवा भुश्शाच्या पोत्यांचा थर. उभ्याने नेऊ नका.

पुन्हा उभारताना : बहुतेक वीरगळांचा तळचा भाग मुद्दाम न कोरता ओबडधोबड ठेवलेला असतो, जमिनीत पुरण्यासाठी. तो साधारण एकूण उंचीच्या चौथाईएवढा असला तर उत्तम, तेवढाच पुरा. खड्ड्याच्या तळाला सहा इंच खडीचा थर ठोकून बसवा म्हणजे पाणी निचरेल. दगड ओळंब्यात धरून भोवती दगडी चिपा ठोका आणि फटी एक भाग चुना व तीन भाग वाळू अशा मिश्रणाने भरा. चुना हळू आवळतो, म्हणून किमान आठवडाभर टेकू काढायचा नाही आणि रोज पाणी शिंपडायचे. तळचा भाग तुटून गेलेला असेल तर कोरीव चौकट पुरण्यापेक्षा मागे दगडी आधार रचा. तोंड ज्या दिशेला होते त्याच दिशेला ठेवा. एकाच जागचे अनेक वीरगळ असतील तर त्यांचा क्रम बदलू नका. साताऱ्यात वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळाशी इतके वीरगळ आहेत की गाव त्यांच्यामुळेच ओळखले जाते. अशा ठिकाणी कोण कोणाशेजारी उभा आहे हीसुद्धा माहितीच असते.

रोजच्या साफसफाईला काही लागत नाही. रंगाचा मऊ, कोरडा ब्रश आणि हातात धीर. आधी बोटाच्या सांध्याने हलकेच टकटक करून पाहा. कुठे पोकळ आवाज आला किंवा पापुद्रे दिसले तर त्या जागेला हात लावू नका. मातीचे चिखलगोळे बसले असतील तर साधे पाणी, साबण नाही, डिटर्जंट नाही. राखाडी-पांढरे गोल डाग म्हणजे दगडफूल, मसाल्यात घालतो त्याच्याच जातीचे. ते दगडात रुतलेले असते, खरवडले की दगडाचे कण सोबत निघतात. राहू द्या.

आता नोंद. आमच्या मते गावाने दुसरे काहीही केले नाही तरी हे करावे, कारण दगड चोरीला गेला, फुटला, वाहून गेला तरी नोंद उरते. शाळेतली नववी-दहावीची मुले आणि एक शिक्षक दोन रविवारांत गावचे सगळे दगड नोंदवू शकतात. प्रत्येक दगडाला कागदावर क्रमांक द्या, दगडावर नाही. उंची जमिनीपासून, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये. चौकटी किती, आणि प्रत्येक चौकटीत खालून वर काय दिसते ते साध्या शब्दांत. ‘घोड्यावर माणूस, हातात भाला, समोर दोन पायदळी, खाली पडलेला एक’ असे. ओळखू येत नसेल तर ‘कळत नाही’ लिहा, अंदाज लिहू नका. दगडाचे तोंड कोणत्या दिशेला, जमीन कोणाची, गट क्रमांक काय, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश किती. आणि शेवटी, गावातली सत्तरीपुढची माणसे त्या दगडाला काय म्हणतात, त्याला कोणत्या सणाला नैवेद्य जातो, कोणत्या भावकीचा. हा शेवटचा रकाना पुढे कुणालाही भरता येणार नाही, म्हणून सुरुवात त्यापासून करा.

फोटो भर दुपारी काढू नका, डोक्यावरच्या उन्हात कोरीव काम सपाट दिसते. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर काढा. सर्वांत चांगले म्हणजे अंधार पडल्यावर : मोबाइल दगडाच्या बरोबर समोर स्थिर धरा, आणि दुसऱ्याने टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटून बाजूने लावावी. झिजलेल्या रेषांच्या सावल्या पडतात आणि दिवसा न दिसलेली अक्षरेसुद्धा उठून येतात. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून. शेजारी मोजपट्टी उभी ठेवा. अक्षरांत खडू, पीठ, रांगोळी, चुना भरून फोटो काढण्याची सवय मोडा. भरणारा स्वतःला जे वाटते तेच अक्षर भरतो, आणि पुढचा वाचणारा त्याचा अंदाज वाचतो, शिलालेख नाही.

सतीशिळा आणि गद्धेगळ यांच्याविषयी थोडे. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला उघडा हात दिसला की ती सतीशिळा. ती जपायची ती इतिहासाचा पुरावा म्हणून. त्या हाताच्या बाईला स्वतःची कशी आठवण राहावी असे वाटत होते, हे तिला कुणी विचारले असेल असे आम्हाला वाटत नाही. तिथे नवा सोहळा, मिरवणूक, मंदिर उभारू नका. सतीचे उदात्तीकरण १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. गद्धेगळावर स्त्री आणि गाढव कोरलेले असते. ती जमिनीचे दान मोडणाऱ्याला घातलेली शपथ आहे, शिवी आहे. लाज वाटून असे दगड पालथे घातले जातात, पुरले जातात. कृपा करून तसे करू नका. त्यावर अनेकदा लेख असतो, आणि गावच्या जमिनीचा तो सर्वांत जुना कागद असू शकतो.

कायद्याचे थोडक्यात. शंभर वर्षांहून जुने दगडी शिल्प १९७२ च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरते. ते परवान्याशिवाय विकण्याचा धंदा करता येत नाही आणि खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शहरातल्या फार्महाउससाठी ‘जुना दगड’ मागायला येणाऱ्याला हे तोंडावर सांगा. पाया खणताना मूर्ती किंवा कोरीव दगड निघाला तर काम तिथेच थांबवा, तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला लेखी कळवा. पण हेही लक्षात असू द्या की उघड्यावरचे बहुसंख्य वीरगळ संरक्षित स्मारकांच्या यादीत नाहीत. त्यांच्यापाशी पहारेकरी येणार नाही. त्यांचे राखणदार तुम्हीच.

माहितीची पाटी लावणार असाल तर ती दगडाला भोक पाडून नको, चार-पाच फुटांवर वेगळ्या खांबावर. सगळे जुने ते ‘शिवकालीन’ लिहू नका, वीरगळ बहुतेक वेळा त्याहून काही शतके जुना असतो. पुरावा नसताना वीराला आजच्या कोणत्या आडनावाचा किंवा जातीचा ठरवू नका. त्यातून भांडणे उभी राहतात, आणि जे नाव त्याच्या माणसांनी लिहिले नाही ते आपण लिहायचे कशाला?

आणि देणगीदार. आपले, आपल्या आई-वडिलांचे नाव गावात राहावे ही इच्छा अगदी रास्त आहे. वीरगळ उभारणाऱ्यांची इच्छाही तीच होती. पण संगमरवराची ‘स्मरणार्थ’ पाटी जुन्या दगडावर किंवा जुन्या भिंतीवर ठोकू नका. नव्या सभामंडपात एक भिंत नावांसाठी राखा. तिच्यावर नावांसोबत हेही कोरा : काम कोणत्या साली झाले, काय पाडले, काय नवे बांधले, कोणता दगड कुठून कुठे हलवला, गवंडी आणि पाथरवट कोण होते. आजवरच्या जीर्णोद्धारांनी हे लिहून ठेवले असते तर कितीतरी देवळांचा इतिहास आज आपल्याला सरळ वाचता आला असता.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पुढचा ठराव घ्यावा ही विनंती. मजकूर देत आहोत, गावाचे नाव घालून तसाच वापरा.

‘मौजे ______ च्या हद्दीतील सर्व वीरगळ, सतीशिळा, गद्धेगळ व कोरीव दगड यांची मोजमाप व फोटोंसह नोंद करण्यात यावी. नोंदीच्या तीन प्रती करून एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत व एक पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयात ठेवावी. ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय यांतील कोणताही दगड हलवू, रंगवू, सिमेंटमध्ये बसवू अथवा गावाबाहेर देऊ नये. देवळाच्या व रस्त्याच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात या दगडांभोवतीची मोकळी जागा नकाशावर दाखवावी.’

आपले,
वीरगळांची नोंद आणि जतन करणारे कार्यकर्ते